विणता विणता ऐकलेली राज्यक्रांती

आधीच सांगून टाकते, मी ऑडिओबुकचं परीक्षण लिहायला बसले आहे, पण मधेच पुस्तकात शिरेन आणि मग लवकर बाहेर येणार नाही. चार्ल्स डिकन्सची ‘ए टेल ऑफ टू सिटीज’. इंग्रजीतच, काटछाट न केलेली, एकाच पुरुष निवेदकाच्या आवाजात, पंधरा तासांच्या आसपास. सोबत एक छोटी ई-पुस्तिका फुकट: ‘विषयसूत्रे आणि साहित्यतंत्रे’. त्या पुस्तिकेवर माझा राग आहे. त्याकडे येतेच.

मी ही कादंबरी हातात सुया घेऊन ऐकली. पहिला खंड संपला तेव्हा सुईवर स्वेटरची पाठ होती, बॅस्टिल पडलं तेव्हा पुढचा भाग, आणि गिलोटिनपाशी पोचेपर्यंत दुसरी बाही. हे सांगायचं कारण असं, की विणता विणता ऐकायला याहून योग्य आणि याहून अस्वस्थ करणारी दुसरी कादंबरी मला तरी माहीत नाही. तिच्यातली सगळ्यात भयंकर बाई पुस्तकभर विणत बसलेली असते. तिसऱ्या-चौथ्या तासाला मी स्वतःच्या हातांकडे जरा संशयानं बघायला लागले.

कथा थोडक्यात. १७७५ साल. डॉक्टर मॅनेट विनाचौकशी अठरा वर्षं बॅस्टिलच्या कोठडीत काढून सुटलेत आणि पॅरिसमध्ये एका माळ्यावर बसून चपला शिवतायत. नाव विचारलं तर सांगतात, ‘एकशेपाच, नॉर्थ टॉवर’. त्यांची मुलगी ल्यूसी आणि बँकेतले म्हातारे लॉरी त्यांना लंडनला आणतात. पुढे ल्यूसी चार्ल्स डार्नेशी लग्न करते. डार्ने हा एव्हरेमाँद नावाच्या उमराव घराण्यातला, त्या घराण्याला कंटाळून इंग्लंडला आलेला. त्याच्यासारखाच दिसणारा सिडनी कार्टन हा दारुडा, हुशार, वाया गेलेला वकील. त्याचंही ल्यूसीवर प्रेम. मग फ्रेंच राज्यक्रांती, तुरुंग, खटले, गिलोटिन. शेवट ज्यांना माहीत नाही त्यांनी हे परीक्षण इथेच बंद करावं. पुढे मी काही लपवणार नाही.

पुस्तिकेत विषयसूत्रं क्रमांक घालून दिली आहेत. एक, पुनरुज्जीवन. दोन, त्याग. तीन, द्वैत. चार, हिंसेचं चक्र. खाली प्रत्येकाला दोन-दोन उदाहरणं, परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ करायला बरी. चुकीचं काहीच नाही त्यात. पण भाजीची यादी वाचून जेवल्यासारखं वाटतं का कुणाला? डिकन्स या कल्पना नुसत्या सांगत बसत नाही, तो त्या कुणाच्या तरी हातात देतो. चपलेची हातोडी, विणायच्या सुया, केसाचा एक धागा, जेरी क्रंचरच्या बोटांवरचा गंज. त्या वस्तू परत परत येतात, आणि तिसऱ्या वेळी आल्या की पोटात गोळा येतो.

आता हा क्रंचर घ्या. दिवसा बँकेबाहेर बसणारा निरोप्या, रात्री ‘मासेमारीला’ जाणारा. म्हणजे कबरी उकरून ताजी प्रेतं डॉक्टरांना विकणारा. इंग्रजीत तेव्हा या धंद्यातल्या माणसाला चक्क ‘रिझरेक्शन मॅन’ म्हणत, म्हणजे मेलेल्यांना उठवणारा. कादंबरीच्या सुरुवातीला डोव्हरच्या टपालगाडीत लॉरींना निरोप देणारा हाच. त्याला उत्तर मिळतं, ‘रिकॉल्ड टू लाइफ’, पुन्हा जगात बोलावून घेतला. आणि क्रंचर परतताना मनाशी पुटपुटतो, की अशी मेलेली माणसं परत बोलवायची फॅशन आली तर आपलं काही खरं नाही! पहिल्यांदा ऐकताना हा नुसता विचित्र विनोद वाटतो. त्याचा धंदा काय हे कळतं, तेव्हा मागे जाऊन हसू येतं. आणि शेवटी त्याच धंद्यामुळे त्याला माहीत असतं, की रॉजर क्लाय नावाच्या हेराच्या शवपेटीत प्रेत नव्हतंच, दगडमाती होती. त्या एका माहितीवर कार्टन बारसॅड या दुसऱ्या हेराला कोंडीत पकडतो आणि तुरुंगात शिरतो, डार्नेला बाहेर काढून त्याच्या जागी स्वतः मरायला. म्हणजे ज्या कल्पनेवर ही कादंबरी उभी आहे, तिची टिंगल करणाऱ्या माणसाच्या तोंडूनच सुटकेची किल्ली मिळते. पुस्तिकेत क्रंचर ‘विनोदी उपपात्र’ या सदरात एका ओळीत आटोपलाय.

आता निवेदकाबद्दल. आवाज चांगला, उच्चार स्पष्ट, दम मोठा. दम हवाच. कारण पहिलंच वाक्य केवढं तरी लांब आहे. ‘तो सर्वोत्तम काळ होता, तो सर्वात वाईट काळ होता’ एवढंच सगळ्यांना पाठ असतं, पण वाक्य तिथे थांबत नाही. शहाणपण आणि मूर्खपणा, श्रद्धा आणि अश्रद्धा, उजेड आणि अंधार अशा जोड्या येत राहतात. मग डिकन्स टोपी फिरवतो आणि म्हणतो, थोडक्यात, तो काळ अगदी आपल्या आत्ताच्या काळासारखाच होता, इतका की त्यातली काही फार आरडाओरडा करणारी मंडळी त्याच्याबद्दल बोलताना फक्त ‘सर्वात’ हाच शब्द चालेल असा आग्रह धरत. म्हणजे ज्या सुरावर आपण माना डोलावतो, त्याचीच तो शेवटी चेष्टा करतो. हे वाक्य अर्धं तोडून भिंतीवर लावणाऱ्यांनी ते पूर्ण वाचलेलं नसतं. आमचा निवेदक ते पूर्ण वाचतो, आणि शेवटाला आवाजात किंचित हसू आणतो. तिथे मी त्याला मनातल्या मनात पूर्ण मार्क दिले.

ही कादंबरी कानानं ऐकण्यातच जास्त खुलते, याचं एक साधं कारण आहे. १८५९ मध्ये ती डिकन्सच्या ‘ऑल द इयर राउंड’ या साप्ताहिकात छापली गेली, ३० एप्रिल ते २६ नोव्हेंबर, ३१ हप्त्यांत. वाचणाऱ्याला आठवडाभर मागचं लक्षात ठेवायचं. म्हणून प्रत्येक माणसाला एक खूण चिकटवलेली. लॉरी स्वतःला सतत ‘धंद्याचा माणूस’ म्हणवणार. ल्यूसीच्या कपाळावर ती ठरावीक आठी. पावलांचे आवाज. डोळ्यांनी वाचताना या खुणा कधी कधी खटकतात, किती वेळा तेच! ऐकताना मात्र कीर्तनातल्या ध्रुपदासारखं होतं. परत आलं की बरं वाटतं, आणि मग एकदा तेच ध्रुपद वेगळ्या चालीत येतं.

पावलांचंच बघा. लंडनमध्ये मॅनेटांचं घर सोहोतल्या एका शांत कोपऱ्यावर आहे, आणि त्या कोपऱ्याला चमत्कारिक प्रतिध्वनी येतो. माणसं दिसत नाहीत, पावलं ऐकू येतात. एका वादळी रात्री सगळे खिडकीपाशी बसलेत आणि ल्यूसी म्हणते, मला वाटतं ही पुढे आपल्या आयुष्यात येणाऱ्या माणसांची पावलं. कार्टन आपल्या नेहमीच्या उदास सुरात म्हणतो, मग फार मोठा जमाव येणार असं दिसतंय. कित्येक प्रकरणांनंतर, बाळाच्या पावलांचे आवाज ऐकता ऐकता, मधे फारसा श्वास न घेता डिकन्स आपल्याला १४ जुलै १७८९ च्या पॅरिसमध्ये नेऊन सोडतो. तीच पावलं, आता हजारोंची. निवेदकानं इथे वेग वाढवलाय, पण आवाज वाढवलेला नाही. शहाणपणाचं काम. मी इथे विणणं थांबवलं होतं.

आणि या धाग्याचं टोक कुठे आहे माहितीये? मिस प्रॉसच्या कानांत. शेवटी मादाम दफार्ज, तीच ती विणणारी भयंकर बाई, पिस्तूल घेऊन ल्यूसीला शोधत येते. मिस प्रॉस, ल्यूसीला सांभाळणारी ही साधी इंग्रज बाई, दार अडवते. एकीला फ्रेंच येत नाही, दुसरीला इंग्रजी. झटापटीत गोळी सुटते, मादाम दफार्ज मरते, आणि मिस प्रॉस कायमची बहिरी होते. रस्त्यात ती क्रंचरला विचारत राहते, गडबड आहे का रस्त्यात? तो म्हणतो, नेहमीचीच. तिला काहीच ऐकू येत नाही. पावलांच्या आवाजावर उभ्या असलेल्या कादंबरीत ज्या बाईनं सगळ्यांना वाचवलं, तिच्यासाठी आवाजच बंद होतात. पुस्तिकेत याचा शब्द नाही. माझ्या मते सगळ्या कादंबरीत एवढी हुशार गाठ दुसरी नाही.

आता विणकामाकडे. तिथे मला थोडा अधिकार आहे.

मादाम दफार्ज पॅरिसच्या सेंट आंत्वान वस्तीत नवऱ्याबरोबर दारूचं दुकान चालवते आणि गल्ल्यावर बसून विणते. ती विणते ती नावं असतात. क्रांती आल्यावर ज्यांचा हिशेब करायचा त्यांची. स्वतःचे टाके, स्वतःच्या खुणा, दुसऱ्या कुणाला वाचता येणार नाहीत. विणकाम येणाऱ्याला हे लगेच पटतं. उलटा आणि सुलटा, या दोन टाक्यांत काहीही लिहिता येतं. दफार्ज अभिमानानं म्हणतो, की भेकडातल्या भेकडाला स्वतःचं अस्तित्व पुसणं सोपं जाईल, पण माझ्या बायकोच्या विणीतून आपल्या नावाचं एक अक्षर पुसणं जमणार नाही.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसले. विणीइतकं उसवायला सोपं जगात काय आहे? एक टोक ओढलं की सरसर सुटत जातं. मग लक्षात आलं, की मधलंच एक नाव काढायचं असेल तर? तर वरच्या सगळ्या ओळी उसवाव्या लागतात. खालच्या ओळीवर वरची ओळ उभी असते. त्या बाईच्या यादीत सगळ्यात खाली कोण असणार, ते आपल्याला तिसऱ्या खंडात कळतं. एव्हरेमाँद भावांनी जिला उचलून नेलं, जिचा भाऊ मारला, नवरा मारला, ती शेतकरी बाई मादाम दफार्जची सख्खी बहीण. तिथून तिची वीण सुरू झाली. डार्नेचं नाव गाळायचं तर सगळं उसवून बहिणीपर्यंत जावं लागेल. ती उसवणारी बाई नव्हे.

बारसॅड हेर दुकानात येऊन सांगतो, की ल्यूसीचं लग्न त्या एव्हरेमाँदच्या पुतण्याशी ठरलंय. दफार्जचा हात थरथरतो. तो मॅनेटांचा जुना नोकर, डॉक्टरांबद्दल त्याला माया आहे. बायको शांतपणे विणत राहते. दोघं इथे आहेत, म्हणते, हेरही आणि जावईही. या प्रसंगात एका टाक्याचाही आवाज नाही, पण मला सुया ऐकू येत होत्या. कदाचित माझ्याच.

याच बाईच्या बाबतीत निवेदकानं माती खाल्ली आहे. तिला त्यानं चेटकिणीचा आवाज दिलाय. घोगरा, खुनशी, प्रत्येक वाक्याच्या शेवटी फूत्कार. अहो, या बाईचं सगळं भय ती शांत असण्यात आहे! हेर दुकानात आला की डोक्यात गुलाब खोचते आणि ती खूण ओळखून गिऱ्हाइकं एकेक करून मुकाट निघून जातात, एवढा तिचा दरारा. नवरा म्हणतो कुठेतरी थांबायला हवं, तेव्हा ती म्हणते, वाऱ्याला आणि आगीला सांग कुठे थांबायचं ते, मला सांगू नकोस. हे वाक्य किंचाळून म्हणायचं? भाजी निवडता निवडता म्हणावं तसं म्हणायला हवं. किंचाळल्यामुळे काय होतं, तर ऐकणारा तिला सोयीनं राक्षसीण ठरवून मोकळा होतो. डिकन्सनं तसं मोकळं होऊ दिलेलं नाही. सूडाचं सगळ्यात खरं कारण पुस्तकात कुणाकडे असेल तर तिच्याकडे, आणि ते त्यानं तिच्याच तोंडून सांगितलंय.

डिकन्स क्रांतीच्या बाजूचा का विरुद्ध, हा वाद पुस्तिकेत दोन परिच्छेदांत मिटवलाय. मला तो मिटण्यासारखा वाटत नाही. जमावाची त्याला भीती वाटते, साफ दिसतं. पण सेंट आंत्वानचं पहिलं दर्शन आठवा. दारूचं पिंप रस्त्यावर फुटतं आणि माणसं गुडघ्यांवर बसून, ओंजळीनं, फडक्यानं, मातीसकट ती दारू पितात. गास्पार नावाचा एक जण त्याच लाल गाळात बोट बुडवून भिंतीवर लिहितो, ‘रक्त’. लगेच पुढे भुकेचं वर्णन, ‘भूक’ हा शब्द वाक्यामागून वाक्यात घणासारखा घातलेला. मग डार्नेच्या काकाच्या, मार्क्विस एव्हरेमाँदच्या, बग्गीखाली पोर चिरडतं. ते त्याच गास्पारचं. मार्क्विस एक नाणं फेकतो, कुणीतरी ते परत बग्गीत फेकतं. गास्पार पुढे त्याचा खून करतो आणि गावच्या पाणवठ्यावर चाळीस फूट उंच फासावर लटकतो. त्यानंतर ते पाणी प्यायचं कसं? आणि शेवटच्या प्रकरणात डिकन्स सरळ बजावतो, की माणुसकीला असल्याच हातोड्यांखाली पुन्हा एकदा ठेचा, ती पुन्हा असलीच वेडीवाकडी होईल. थॉमस कार्लाइलच्या १८३७ सालच्या फ्रेंच राज्यक्रांतीवरच्या ग्रंथाचं ऋण त्यानं प्रस्तावनेतच मान्य केलंय, आणि वादळ, समुद्र, आग या भाषेत तो कार्लाइल जाणवतोच.

विणणाऱ्या बायकांबद्दल त्याचं एक वाक्य आहे, ते ऐकून मी फाइल मागे नेली. वस्तीतल्या सगळ्या बायका विणतात, कारण हात चालू राहिले की जबड्यांना आणि पोटाला थोडी फसवणूक होते. हाडकुळी बोटं थांबली असती तर भूक जास्त चावली असती. आता हे डॉक्टर मॅनेटांशेजारी ठेवा. त्यांनी कोठडीत चपला शिवण्याचं काम मागून घेतलेलं, डोक्यातला गुंता बोटांतल्या गुंत्यात बदलायचा म्हणून. ल्यूसीच्या लग्नानंतर ते नऊ दिवस पुन्हा त्या बाकावर बसतात, कुणाला ओळखत नाहीत. नंतर लॉरी आणि मिस प्रॉस ते बाक कुऱ्हाडीनं तोडतात, तेही खून केल्यासारखे चोरून, अपराधी होऊन. वेड थोपवायला हात, भूक थोपवायला हात, आणि त्याच हातांनी याद्याही तयार होतात. दुखणं हाताला लावून ठेवायची सवय मला नवी नाही. माझ्या कपाटात एक स्वेटर आहे जो कुणासाठीच विणलेला नव्हता, फक्त ते दिवस जायला हवे होते. पण हे राहू दे.

कमकुवत जागा आहेतच. ल्यूसी म्हणजे सोनेरी केस आणि मूर्च्छा, यापलीकडे फार काही नाही. दुसऱ्या खंडाचं नाव तिच्या केसांवरून ‘सोनेरी धागा’, आणि समोर मादाम दफार्जचा धागा, ही योजना छान, पण एका धाग्याला गाठी आहेत आणि दुसरा नुसताच चकाकतो. योगायोगांचा तर पाऊस. निवेदक ल्यूसीला नाकातल्या नाजूक आवाजात बोलवतो, त्यात भर.

तांत्रिक तक्रार एकच, पण मोठी. फाइली प्रकरणांप्रमाणे तोडलेल्या नाहीत. पुस्तकात ४५ प्रकरणं, इथे तुकडे अर्ध्या-अर्ध्या तासाचे. त्यामुळे ‘बावन्न’ हे प्रकरण मधोमध कापलंय, आणि तेही कुठे? बग्गी पॅरिसमधून पळते तिथे. तोवर सगळी गोष्ट भूतकाळात, दुरून सांगितलेली. इथे अचानक वर्तमानकाळ येतो आणि सांगणारा ‘आपण’ होतो. वारा आपल्या मागे धावतोय, ढग आपल्या मागे धावतायत. वाटेत कुणीतरी गाडी थांबवतं. धडधड होते. विचारायचं एवढंच असतं, की आज किती मुंडकी? बावन्न. वा, चांगला आकडा! असा व्याकरणातला एक बदल करून लेखकानं आपल्याला गाडीत कोंबलं, आणि अ‍ॅप म्हणतं, ‘भाग सत्ताविसावा समाप्त’.

शेवटाबद्दल पुस्तिकेत सरळ चूक आहे. तिथे लिहिलंय, की वधस्तंभावर चढताना कार्टन ते प्रसिद्ध वाक्य उच्चारतो, मी आजवर जे केलं त्याहून हे कितीतरी चांगलं. उच्चारत नाही. डिकन्स म्हणतो, त्यानं मनातलं बोलून दाखवलं असतं, आणि ते भविष्य सांगणारं असतं, तर ते असं असतं. म्हणजे ‘असतं तर’. जगातलं इतकं गाजलेलं वाक्य कादंबरीत कुणीच म्हणत नाही. आयुष्यभर दुसऱ्या वकिलासाठी रात्री जागून काम करून श्रेय त्याला देणाऱ्या माणसाचं शेवटचं वाक्यसुद्धा न बोललेलं. निवेदकाला हे कळलंय. तो ते भाषणासारखं ठोकत नाही, जवळजवळ कुजबुजतो.

त्याच्या आधीचा क्षण मात्र माझा. गिलोटिनसमोर खुर्च्या मांडून बायका विणत बसल्यात. पुढच्या खुर्चीवर मादाम दफार्ज यायची आहे, तिची मैत्रीण तिच्या नावानं हाका मारतेय, खुर्ची रिकामी. धप्प. बायका मोजतात, एक. नजर वर न करता. दोन. कार्टनच्या आधी ती गरीब शिवणकाम करणारी पोर जाते. तिचा आकडा बावीस. मग त्याचा. निवेदक ‘तेवीस’ इतक्या सपाट आवाजात म्हणतो, की त्या वेळी बाहीचे टाके मोजत बसलेली मी तो आकडा माझ्या मोजणीत धरला. ओळ चुकली. उसवावी लागली.

पाचपैकी साडेतीन तारे. पुस्तिका उघडू नका. वेग एक पट ठेवा, सव्वा पटीवर पहिलं वाक्य नुसतं खडखडतं. आणि शेवटच्या फाइलला बोट थांबवायच्या बटणावर तयार ठेवा, कारण कार्टनचं वाक्य संपल्यावर जेमतेम दोन सेकंदांत आनंदी व्हायोलिन वाजायला लागतं आणि एक बाई उत्साहानं सांगते, की हे आवडलं असेल तर तुम्हाला हेही आवडेल.